फोन कट झाला तर मोठ्याने लावायचा

ताई, तुझा फोन माझ्याकडे आहे. फ्रिजवर ठेवलाय, चार्जिंगला लावून. आज बारा दिवस झाले. रोज सकाळी डेराबस्सीला कारखान्यात निघण्याआधी मी बघतो की बॅटरी पूर्ण भरली की नाही. जसमीत बघते आणि माझा डबा भरायला वळते. अन्वीने एकदा विचारलं, "पापा, आत्या का फोन चार्ज क्यों करते हो?" आपल्या घरात पंधरा वर्षांत त्या पोरीच्या तोंडी एकच मराठी शब्द पक्का बसला, आणि तो तूच बसवलास. मी चार्जरची वायर सरळ करत राहिलो. मग तीच म्हणाली, "ठीक है, रहने दो." आणि आपल्या खोलीत गेली.

उद्या तेरावा. तुझ्या कॉलेजचे लोक येतील, दोन शब्द बोला म्हणतील. मी नाही बोलणार. ती ऑपरेटिंग सिस्टीम शिकवायची, चंदीगडच्या मनीमाजऱ्यात एकटी राहायची, रागीट होती पण मनाची चांगली होती, हे सारं त्यांना माहीत आहे. त्यांना जे माहीत नाही ते मला फक्त तुला सांगायचंय. आणि तू नाहीस. आता काय करू, सांग बाप्पा!

तुझा विषय मला काडीचाही कळत नाही असं तू जगाला सांगत फिरायचीस. साफ खोटं. दर रविवारी आमच्या झिरकपूरच्या जेवणाच्या टेबलावर तू सोमवारच्या लेक्चरची तालीम करायचीस, ती कोणापुढे? अन्वी कानात तारा घालून बसायची, जसमीत पोळ्या लाटायची. उरलो मी. "मन्याला समजलं म्हणजे वर्गातल्या शेवटच्या बाकालाही समजलं," हे तुझं माप. मी औषधांच्या कारखान्यात क्वालिटीचा माणूस, मला काय करायचंय कॉम्प्युटरच्या पोटात काय चालतं त्याच्याशी? पण ऐकायचो. आता वाटतं, थोडं कमी समजलं असतं तर बरं झालं असतं.

ती कढी तरी आठवते का तुला? माझ्या लग्नानंतरची पहिली दिवाळी. तूच भांडून भांडून बाबांना या लग्नाला उभं केलं होतंस. "पोरगी पंजाबी आहे म्हणून काय झालं, तुमच्या पोरापेक्षा शंभरपट शहाणी आहे," असं त्यांच्या तोंडावर म्हणाली होतीस. ते लग्नाला आले, पण तीन महिने जसमीतशी एक अक्षर बोलले नव्हते. त्या दिवशी तू नागपूरच्या पद्धतीने गोळ्याची कढी केलीस, जसमीत तुझ्या हाताखाली. बाबांनी पहिला घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. खारट, खारट म्हणजे तोंडात धरवेना. जसमीतच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला वाटलं, झालं, आता हा माणूस आणखी सहा महिने गप्प.

तू हात पुसत बाहेर आलीस आणि त्यांच्यासमोर लेक्चरच सुरू केलंस. "बाबा, हे बघा. घर एक. ओटा एक, फ्रिज एक, मिठाचा डबा एक. माणसं चार. कामं ज्याची त्याची, कोण कुठवर आलं तेही ज्याचं त्याच्या डोक्यात, पण सामान साऱ्यांचं एकच. तर हे घर म्हणजे प्रोसेस, आणि आपण सारे थ्रेड. शेगडी एकच असली तर आई कशी करायची? भाजी उतरव, चहा चढव, चहा उतरव, भाजी चढव. एका वेळी चढते एकच भांडं, पण बाहेर बसलेल्याला वाटते सारं एकदमच होऊन राहिलं. कोणाचं भांडं कधी चढवायचं, कधी उतरवायचं हे ठरवणारी आई म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम."

"आणि मीठ?" बाबांनी विचारलं.

"सांगते ना. जसमीतने चाखलं, मीठ नव्हतं. ती डबा घ्यायला वळली. तेवढ्यात मी चाखलं, मीठ नव्हतंच. मी माझ्या चिमटीतलं टाकलं. तिने परत वळून तिचं टाकलं. दोघींनी बघूनच टाकलं बाबा. माझंही बरोबर, तिचंही बरोबर. दोन्ही बरोबर मिळून खारट."

बाबांनी वाटी परत उचलली. मग जसमीतकडे वळून म्हणाले, "बेटा, थोडा दही और डाल दो." ते त्यांचं तिच्याशी पहिलं वाक्य. जसमीत अजून सांगते की तिचं लग्न मंडपात लागलं नाही, त्या कढीपाशी लागलं. त्या दिवसापासून आमच्या घरात नियम झाला की डाव ज्याच्या हातात त्यानेच कढीला हात लावायचा, बाकीच्यांनी डाव खाली ठेवेपर्यंत थांबायचं. याला लॉक म्हणतात असं तू म्हणालीस. पुढच्या सोमवारी तू ती कढी वर्गात नेलीस आणि दरवर्षी नेत राहिलीस. तुझ्या हजारभर पोरांना माझ्या बायकोचं मीठ माहीत आहे.

हे आठवलं की हसू येतं, आणि हसू आलं की लगेच तुझा राग येतो. नियम करायची फार खाज होती तुला.

बाबा गेल्याच्या पुढच्या वर्षी तू नागपूरहून परत आलीस, तेव्हाची गोष्ट. मी स्टेशनच्या चंदीगडकडच्या बाजूला उभा. तू उतरून पंचकुल्याच्या बाजूला निघालीस. मधे सारे रूळ. मी तुला फोन लावतोय तर व्यस्त. ठेवला, परत लावला, व्यस्त. मला वाटलं, ही बाई सामान हातात घेऊन इतका वेळ कोणाशी गप्पा मारतेय? तिकडे तू मला लावत होतीस आणि तुला माझा व्यस्त. दोघंही एकाच क्षणी लावायचो, एकाच क्षणी वैतागून ठेवायचो, परत एकाच क्षणी लावायचो. अर्धा तास! शेवटी तू पुलावरून घामाघूम होऊन या बाजूला आलीस. मी चिडलेलो, आणि तू खुशीत. "मन्या, यार, हे तर पुस्तकात आहे!" म्हणालीस. बोळात दोन माणसं समोरासमोर येतात, तो डावीकडे सरकतो तर हाही तिकडेच, मग दोघंही उजवीकडे. दोघंही धडपडतात, दोघंही सभ्य, आणि पुढे कोणीच जात नाही. त्याचं काहीतरी नावही सांगितलंस.

गाडीत बसल्यावर तू म्हणालीस की याचा सख्खा भाऊ डेडलॉक, तो तर आपण लहानपणीच केला होता. तुझ्याकडे पट्टी, माझ्याकडे कंपास, दोघांनाही दोन्ही हवं. तू म्हणायचीस आधी कंपास दे, मी म्हणायचो आधी पट्टी दे. अख्खी दुपार आपण दोघं वही उघडी टाकून बसलो होतो. मग आई आली आणि म्हणाली, यापुढे दोघांनीही आधी पट्टी घ्यायची, मगच कंपासला हात लावायचा. ज्याला पट्टी नाही मिळाली त्याने मुकाट थांबायचं. "आपल्या आईला हे कोणी शिकवलं नव्हतं," तू म्हणालीस, "क्रम ठरवून टाकला की भांडणच होत नाही. म्हणून आपलाही क्रम ठरला. फोन कट झाला, लागला नाही, उचलला गेला नाही, काही होवो. मोठ्याने परत लावायचा. लहान्याने फोन हातात धरून गप बसायचं. मोठी कोण?"

"तू."

"मग मी लावीन. तू बसशील."

मी गंमत म्हणून दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या नमुन्यात ते टाईप केलं. आमच्याकडे प्रत्येक कामाची लिखित पद्धत असते, एसओपी, हात कसे धुवायचे त्याचीसुद्धा. वर उद्देश: एकाच वेळी फोन लावणे टाळणे. व्याप्ती: मनीमाजरा ते झिरकपूर. जबाबदारी: मोठी बहीण. खाली दोघांच्या सह्या. तू इतकी हसलीस की चष्मा काढून डोळे पुसलेस, आणि सही मात्र अगदी गंभीरपणे केलीस. तो कागद आमच्या फ्रिजच्या दारावर लावला. अजून आहे, पिवळा पडलाय. आणि ताई, तू नियम पाळलास. इतक्या वर्षांत बोलणं तुटलं की दहाव्या सेकंदाला तुझा फोन यायचाच. झिरकपूरच्या पुलाखाली ट्रॅफिकमधे नेटवर्क जायचं, आणि परत आलं की पहिली घंटी तुझी. "हं, तर काय म्हणत होते मी?"

आपल्या खऱ्या भांडणाकडे येतो. ते अर्धं राहिलंय.

वर्षभर मी तुझ्यामागे लागलो होतो की मनीमाजऱ्याची ती तिसऱ्या मजल्याची खोली सोड आणि आमच्याकडे ये. जिना चढताना तुला धाप लागायची. तू म्हणायचीस, "काही नाही होत, वय झालं." बाजार खाली आहे, स्टेशन जवळ आहे, रिक्षावाले ओळखतात. शंभर कारणं. आणि मग तुझं ते शेवटचं कारण, प्रत्येक वेळी तेच. "मन्या, तू समजून नाही राहिला. एका प्रोसेसमधला एक थ्रेड वाकडा गेला की पूर्ण प्रोसेस बंद पडते, कारण सारं सामान एकातच असते. वेगवेगळ्या प्रोसेस असल्या की एक मेली तरी दुसरीला धक्का लागत नाही. मी आपली वेगळी प्रोसेस बरी आहे. मी बंद पडले तर तुमचं घर तरी चालू राहील."

चुकलं तुझं. काय सांगू ताई, किती चुकलं. छप्पन्न वर्षांची बाई, तीस वर्षं हेच शिकवत होतीस, आणि स्वतःच्या बाबतीत गणित चुकवलंस. तू कसली वेगळी प्रोसेस? आमच्या मिठाच्या डब्यापर्यंत तुझा हात होता. मी बारा दिवस बंद पडलोय. अन्वी परीक्षेला गेली आणि कोरा पेपर देऊन आली. जसमीत कढी करायला घेते आणि ताक घुसळता घुसळता तशीच उभी राहते. सांग आता, धक्का नाही लागला?

त्या शनिवारी सकाळी मी तुला फोन लावला. सुट्टी होती, म्हटलं आज गाडी घेऊन येतो, दोन बॅगा भर, बाकी सामान नंतर. तू म्हणालीस रात्रभर बरं नव्हतं, छातीत जड वाटतं, बहुतेक ॲसिडिटी, दूध तापवतेय. मी म्हणालो बघ, म्हणूनच म्हणतो. तू म्हणालीस कायले डोकं खाऊन राहिला सकाळी सकाळी. आणि परत तीच प्रोसेस. माझा संताप झाला. मी ओरडलो, "तुझी ती प्रोसेस घाल चुलीत! तुला मरायचंय का तिथं एकटीला?"

तू म्हणालीस, "मन्या, ऐक..."

आणि फोन कट झाला. दहा वाजून गेले होते नुकतेच.

मी फोन हातात धरून सोफ्यावर बसलो. दहा सेकंद, अर्धा मिनिट, पाच मिनिटं. जसमीत ओट्यापाशी होती, तिने सारं ऐकलं होतं. ती म्हणाली, "तुसी आपे कर लो फोन, खुद ही."

मी म्हणालो, "नाही. तिची पाळी आहे."

आता खरं बोलतो, तुझ्यापुढे खोटं बोलून करू काय? नियम होता हे खरं. मी नोकरीला लागल्यापासून नियमांवरच जगलेला माणूस, कागदावर लिहिलंय म्हणजे तसंच करायचं, हेही खरं. पण त्या सकाळी मला तो नियम सोयीचा होता. मी रागात होतो. मला वाटलं तू मुद्दाम कापलास. म्हटलं आज हिला लावू दे, आज मी नाही नमणार, कागदावर तिचीच सही आहे. मी मटार सोलले. खाली जाऊन गाडी पुसली, फोन बॉनेटवर ठेवून. जसमीतने गॅलरीतून परत विचारलं, "आया दीदी का फोन?" मी मानेनेच नाही म्हटलं आणि काच पुसत राहिलो. तुझ्याकडे यायला निघणार होतो ना मी? ती गाडी मी तुलाच आणायला पुसत होतो. पण आधी तुझा फोन यायला हवा होता.

एक तास दहा मिनिटांनी फोन आला. तुझ्या समोरच्या मल्होत्रा आंटींचा. करपलेल्या दुधाचा वास आला म्हणून त्यांनी दार वाजवलं, मग त्यांच्याकडच्या चावीने उघडलं. तू ओट्याखाली होतीस. फोन तुझ्यापासून हातभर लांब, पालथा.

दवाखान्यात मी डॉक्टरांना एकच विचारलं. "घंटा भर पहले ले आते तो?" तरुण होता पोरगा. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जी, ये कहना मुश्किल है." मी परत विचारलं. त्याने परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारायला गेलो तर जसमीतने मला ओढून बाकावर बसवलं. तू म्हणायचीस ना, थ्रेडच्या चुकांमधली सगळ्यात वाईट चूक ती, जी परत चालवून बघता येत नाही. वेळ एका क्षणाने इकडची तिकडे झाली की चूक दिसतच नाही, आणि माणूस जन्मभर शोधत बसतो. मी शोधतोय. तो फोन तू कापलास, नेटवर्कने कापला, की हातातून पडून कापला गेला? "मन्या, ऐक" नंतर तुला काय म्हणायचं होतं? माझ्यावर ओरडायचं होतं की मला बोलवायचं होतं? मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही.

सहाव्या दिवशी तुझ्या खोलीवर गेलो होतो, सामान बघायला. जिना चढताना मलाही धाप लागली, आणि बरं वाटलं. तिथे तुझी एक विद्यार्थिनी आली होती, गुरलीन नावाची, रडून डोळे सुजलेले. तुझ्याकडून तपासून घेतलेली वही दाखवायला घेऊन आली होती, मॅडमचं शेवटचं अक्षर म्हणून. मी आपली पानं उलटली. तिने काहीतरी प्रोग्राम लिहिला होता, एक थ्रेड दुसऱ्याची वाट बघत थांबतो असा. तू त्यावर लाल पेनने गोल केला होतास. हिंदीत लिहिलं होतंस, इंग्रजीत लिहिलेलं पोरांना लागत नाही म्हणायचीस. लिहिलं होतंस: "और अगर दूसरा कभी आया ही नहीं तो?"

मी तिला विचारलं, याचा अर्थ काय? ती म्हणाली, "अंकल, मॅम कहती थीं, वेट हमेशा टाइम लगाकर करो. इतनी देर रुकूँगा, फिर खुद जाकर देखूँगा. जो बिना टाइम के रुका, उसके मार्क्स मॅम काट लेती थीं. पक्का."

ताई! वर्गातल्या पोरांचे मार्क कापायचीस त्यासाठी. आणि आमच्या फ्रिजवर तीच चूक स्वतःच्या सहीनिशी लावून गेलीस? आणि मी, आमच्या प्रत्येक एसओपीत एक रकाना असतो, पद्धत पाळता आली नाही तर काय करायचं त्याचा. त्याशिवाय कागद मंजूरच होत नाही. दुसऱ्यांच्या कागदांत तो रकाना नसला की मी परत पाठवतो. आपल्या कागदात मीच तो ठेवला नाही. दोघं एवढे हुशार, आणि एकालाही सुचलं नाही की मोठ्याला फोन लावताच आला नाही तर लहान्याने किती वेळ बसून राहायचं. दहा मिनिटं? पाच? पाच लिहिलं असतं तरी चाललं असतं. तू तुझं बरोबर करत असशील, मी माझं बरोबर करत होतो.

कामावर जातोय, पण नावाला. तू सांगायचीस की एक काम मधेच सोडून दुसऱ्याकडे जाताना ऑपरेटिंग सिस्टीम आधी टिपून ठेवते कुठवर आलो होतो ते, म्हणजे परत येऊन तिथूनच पुढे जाता येतं. माझं कोणी टिपून ठेवत नाहीये. परवा एकाच बॅचचे कागद मी दोनदा भरले, आणि दुसऱ्या वेळी आपण पहिल्यांदाच भरतोय असंच वाटत होतं. साहेब भले आहेत, म्हणाले, "आप घर जाओ जी, कुछ दिन." घरी आलो तर घरी तरी काय आहे? फ्रिज आहे, त्यावर तुझा फोन आणि त्याच्या दारावर तो कागद.

फोन उघडून दिला अन्वीने. खूण तिला माहीत होती, तूच शिकवली होतीस. मी कॉलची यादी बघितली. त्या सकाळचा माझा कॉल, नऊ मिनिटं. नाव लिहिलंय "मन्या", बस. त्याच्या वर, त्यानंतर आलेले आणि न उचललेले. दूधवाल्याचे दोन. कॉलेजच्या ऑफिसचा एक. कुठलातरी लांबलचक जाहिरातीचा नंबर. मल्होत्रा आंटींचे तीन, दार उघडण्याआधीचे. दूधवाल्यालासुद्धा तुझी आठवण आली गं. जाहिरातवाल्यालासुद्धा. माझा एकही नाही.

ही यादी मी किती वेळा बघितली सांगता येत नाही. जसमीतने एकदा हातातून काढून घेतला फोन. ती रडत म्हणाली, "मैंने कहा था, मुझे भी तो करना चाहिए था. मैं क्यों नहीं कर सकती थी?" मग कळलं की ती पण तेच घेऊन बसलीय. आपला नियम तिच्यासाठी नव्हताच, तिला कोणी थांबवलं नव्हतं, पण ती माझ्याकडे बघून थांबली. आता घरात आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नाही, कारण बघितलं की तो तास दिसतो.

आज संध्याकाळी मी तो कागद फ्रिजवरून काढला. फाडणार होतो. पण आमच्याकडे लिहिलेलं फाडत नाहीत, खोडरबरही चालत नाही. चुकलेल्या ओळीवर एकच रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला बदल करणाऱ्यांनी सह्या करायच्या. मी पेन घेतलं. "लहान्याने फोन हातात धरून गप बसायचं" यावर एक सरळ रेघ मारली. बाजूला सही केली. मग दुसरी सही करायला कागद कोणापुढे धरायचा ते कळेना. तुझ्या जुन्या सहीखाली जागा आहे, भरपूर आहे. दुसऱ्या सहीशिवाय बदल लागू होत नाही, ताई. जुनाच नियम चालू राहतो.

तरी मी तो मोडला. तिथेच ओट्यापाशी उभा राहून तुझा नंबर लावला. फ्रिजवर तुझा फोन वाजला. केवढ्या मोठ्याने वाजतो गं तो, तुला ऐकू येत नाही म्हणून कमी करू द्यायची नाहीस. अन्वी खोलीतून पळत आली आणि दारातच थांबली. जसमीत हात ओले तसेच घेऊन उभी. काचेवर "मन्या" येऊन लुकलुकत होतं. आम्ही तिघं बघत राहिलो, कोणी हात लावला नाही. पूर्ण वाजून तो आपोआप थांबला.

आता तुझ्या फोनवर माझा एक मिस्ड कॉल आहे.

अन्वी पुढे आली, मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी पूर्ण मराठीत बोलली. "बाबा, आत्या नाही करणार आता फोन." मी म्हणालो, हो बेटा, मला माहीत आहे.

तेव्हापासून मी इथेच बसलोय. फोन उचलला गेला नाही, आणि कागदावर तुझीच सही आहे. म्हणजे आता लावायची पाळी तुझी. मी हातात फोन धरून गप बसलोय, ताई.